मग ती बसली का पाळण्यात?

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा सगळ्या शाळेविषयी लिहायचं मनात होतं. बसलो तर आठवी-बच्या पुढं जाताच येईना. आठवी-ब म्हणजे मराठीच्या बाई.

निबंध होता ‘माझी आई’. आमच्या घरी तेलुगू. शेजारून मागांचा खडखडाट, आणि अम्मा मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. मी लिहिलं: माझी आई कष्टाळू, प्रेमळ, सोशिक आहे. बाईंनी तिन्ही शब्दांवर लाल रेघ ओढली. म्हणाल्या, “ही सगळ्यांचीच आई झाली रे. तुझी कुठंय? तिला काय हवंय, आणि ते ती कुणाला सांगत नाही, एवढंच बघून ये.”

आठ दिवस बघितलं. गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, तोंडावर आला होता. होम मैदानावर आम्ही भावंडं पाळण्यात बसायचो, अम्मा खाली आमच्या चपला धरून उभी. “मला चक्कर येते,” म्हणायची. पण पाळणा वर गेला की तिची मान वर, खाली आला की खाली. आणि पावसाळ्याआधी घराच्या पत्र्यावर चढून दगड ठेवायची ती हीच! तेवढंच लिहिलं. कुठंही ‘प्रेमळ’ नाही.

बाईंनी नाव न सांगता ते वर्गात वाचलं. मागच्या बाकावरचा एक जण, जो तासाला कधी तोंड उघडत नसे, उभा राहिला. “बाई, मग ती बसली का न्हाई पाळण्यात?”

मी सांगायला उठलो. बाईंनी हातानंच थांबवलं. “सांगू नको त्याला.”

अम्माच्या विड्या तपासून छाटणाऱ्या माणसाला मी पुढच्या निबंधात राक्षस केला होता, कारण पंचवीसच्या कट्ट्यातल्या, म्हणजे जुडीतल्या, चार-पाच तो सहज फेकायचा. बाई म्हणाल्या, त्याला घरी कोण रागावतं ते शोध. राग गेला नाही माझा, पण माणूस दिसायला लागला. इतिहाससुद्धा त्या असाच शिकवत. १२ जानेवारी १९३१ ला आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली, हे सनावळीत होतंच. बाई विचारायच्या, त्या सकाळी मल्लप्पा धनशेट्टींच्या घरी चूल कुणी पेटवली असेल? त्यांच्या चार पुतळ्यांवरून जाताना आजही माझं पाऊल हळू होतं.

पुढं माझे तीन कथासंग्रह निघाले. लेखन शिबिरांना बोलावतात. तिथली मुलं पात्राची उंची, रास, आवडता रंग असा तक्ता भरून आणतात. मी तक्ता बाजूला ठेवायला लावतो आणि बाईंचा प्रश्न विचारतो. तो माझा म्हणून कधीच सांगितला नाही.

आमचे कौलारू वर्ग पाडले. नवी इमारत चांगली आहे, सगळे म्हणतात. मला त्या खिडकीपाशी बाई उभ्या हव्या होत्या. पहिलं पुस्तक द्यायला गेलो तेव्हा उशीर झाला होता. त्याचं दुःख आहेच.

मागच्या गड्ड्यात तो मागच्या बाकावरचा भेटला. केस पिकलेत. माग विकले म्हणाला. भगरीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि विचारलं, “बसली का रे तुझी अम्मा?”

बाईंनी नको म्हटलंय. मी अजून सांगितलेलं नाही.