अडवून ठेवलेला सामना

५ ऑक्टोबर २०२४. शनिवारची संध्याकाळ. नॅशव्हिलमधली पोरं मैदानातला गोलपोस्ट उपटून खांद्यावर घेऊन निघाली होती आणि मी इकडे कोलंबसला घरात टीव्हीसमोर उभी होते. बसवतच नव्हतं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सामन्यात नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संघाने अलाबामा विद्यापीठाच्या संघाला ४०-३५ हरवलं होतं. अलाबामा त्या आठवड्यात देशात पहिल्या क्रमांकावर. पहिल्या क्रमांकाच्या संघाला व्हँडरबिल्टने आजवर कधीच हरवलं नव्हतं, आणि अलाबामाविरुद्धचा त्यांचा शेवटचा विजय १९८४ सालचा. पोरांनी तो गोलपोस्ट शहरातून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत टाकला.

मी खेळांची आकडेवारी पुरवणाऱ्या एका कंपनीत आहे. मूळची कोल्हापूरची, त्यामुळे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, पेठापेठांत चुरशीने खेळला जाणारा. हा लंबगोल चेंडूचा खेळ इथे आल्यावर शिकले आणि त्यात गुंतत गेले. सीझनभर दर रविवारी सकाळी कॉलेज संघांची क्रमवारी काढायचं काम माझ्याकडे असतं.

इथे आयपीएलसारखा गुणतक्ता चालत नाही. वरच्या विभागात त्या वर्षी १३४ संघ होते. सगळ्यांना एकमेकांशी खेळवायचं म्हटलं तर ८,९११ सामने लागतील, आणि नियमित सीझनमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला येतात फक्त १२. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तर जेमतेम पाच-सहा झालेले असतात. टेक्सस आणि ओरेगन समोरासमोर आलेच नाहीत, तर त्यांच्यात उजवं कोण? ते कोणाशी खेळले, ते प्रतिस्पर्धी पुढे कोणाशी खेळले, अशी साखळी धरत जावं लागतं. आमच्या पद्धतीचा गाभा जुना आणि साधा आहे: विजयात १ मिळवायचा, सामन्यांत २ मिळवायचे आणि भागायचं. पाचपैकी पाच जिंकलेल्याला सहा सप्तमांश, म्हणजे ०.८५७. मग प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीनुसार तो आकडा वरखाली करायचा आणि सगळे आकडे स्थिरावेपर्यंत हिशेब पुन्हा पुन्हा फिरवायचा.

रविवारी सकाळी आठला यादी उघडली. पहिला क्रमांक: अलाबामा.

मला लगेच शंका आली असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. आदल्या रात्री गोलपोस्ट नदीत जाताना पाहिला होता, तरी पुढची दहा मिनिटं मी अलाबामा पहिलं कसं राहू शकतं याचीच कारणं जुळवत बसले. आठवड्यापूर्वी त्यांनी जॉर्जियाला ४१-३४ हरवलंय. शनिवारी पहिल्या ११ पैकी ५ संघ हरले, टेनेसी, मिसुरी, मिशिगन, यूएससी सगळेच घसरले, मग वर उरणार कोण? पटण्यासारखं होतं सगळं. ग्राहकांसाठी दोन ओळींचं स्पष्टीकरणसुद्धा लिहायला घेतलं. "अलाबामा ४-१", म्हणजे चार विजय, एक पराभव, असं लिहिताना नजर सहज शेजारच्या रकान्यावर गेली. सामने: ४.

पोटात गोळा आला. कालचा सामना हिशेबात नव्हताच. चार खेळले, चार जिंकले, पाच षष्ठांश, ०.८३३. वर जॉर्जियासारखा तगडा प्रतिस्पर्धी. म्हणून पहिला क्रमांक.

आमच्याकडे येणारे निकाल पुण्याची टीम तपासते. तिथे संध्याकाळचे साडेपाच झाले होते. रात्रपाळीला असलेल्या मुलाला फोन लावला.

"ताई, तो पडताळणीत टाकलाय मी. पहाटे निकाल आला तेव्हा लाल खूण होती. स्कोअर उलटा पडला असेल असं वाटलं. दिवसपाळीला मेल टाकलाय."

"मॅच बघितली नाहीस?"

"नाही हो. पण नियमात तसंच लिहिलंय ना, वीसपेक्षा जास्त गुणांनी जिंकेल असा अंदाज असलेला संघ हरला तर रोखून ठेवायचं."

लिहिलं होतं खरं. दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं. यजमान-पाहुण्यांचे रकाने अदलाबदल होऊन एकदा मोठा घोळ झाला, तेव्हा. त्या मुलाने सांगितलेलं काम चोख केलं होतं, हे त्याला तिथल्या तिथे सांगितलं. तो घाबरला होता, आणि चूक त्याची नव्हती.

मला २०१० आठवलं. तेव्हा अंतिम लढतीचे संघ ठरवण्यात संगणकांच्या क्रमवाऱ्यांचाही वाटा असे. त्यातल्या वेस कॉली यांच्या शेवटच्या यादीत खालच्या विभागातला एकच सामना नोंदवायचा राहिला, आणि त्यामुळे एकत्रित क्रमवारीत एलएसयू दहाव्या आणि बॉइसी स्टेट अकराव्या जागी गेले. व्हायला हवं होतं उलटं. कॉलींनी आपली पद्धत पूर्ण उघड ठेवली होती, म्हणून बाहेरच्या माणसाला ती चूक शोधता आली. आमची बंद आहे. मी तो रकाना पाहिला नसता तर कोणालाच कळलं नसतं.

सामना आत घेतला आणि हिशेब पुन्हा फिरवला. अलाबामा खाली येणार हे उघडच होतं, मी बाकीच्यांकडे बघत होते. जॉर्जियाने शनिवारी ऑबर्नला ३१-१३ हरवलं होतं, तरी त्याचा आकडा उतरला, कारण ज्याच्याकडून तो हरला होता तोच उतरला. मिसुरी त्या दिवशी टेक्सस ए अँड एमकडून ४१-१० असा सपाटून मार खाऊन आला होता, त्याला किंचित आधार मिळाला, कारण त्याने सप्टेंबरात व्हँडरबिल्टला हरवलं होतं. आणि जॉर्जिया स्टेट! त्यांनीही व्हँडरबिल्टला ३६-३२ हरवलं होतं. तेही वर सरकले. एका निकालाने एवढी यादी हलली. जो निकाल सगळ्यांना अपेक्षित असतो, त्याने यादीत फारसं काही हलत नाही. सगळ्यात जास्त सांगणारा सामना मी स्वतः दाराबाहेर थांबवायची सोय करून ठेवली होती.

दुपारी पत्रकारांच्या मतदानाची यादी आली. टेक्सस पहिलं, जॉर्जिया पाचवं, अलाबामा सातवं. जॉर्जिया आणि अलाबामा दोघांचा एकेक पराभव, आणि आठच दिवसांपूर्वी अलाबामाने जॉर्जियाला हरवलेलं. ते मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. ताज्या पराभवाची शिक्षा जास्त, जुन्याची कमी, हा न्याय मला मान्य नाही.

सोमवारी नियम बदलून घेतला. आता अनपेक्षित निकाल आधी हिशेबात जातो आणि मग त्यावर खूण येते. यादीतल्या रकान्यांचा क्रमही बदलला. सामन्यांचा रकाना क्रमांकाच्याही आधी असतो, आणि रविवारी सकाळी मी तो ओळीन् ओळ बोट ठेवून वाचते.