मांडवीचा पूल आणि खिशातली गोळी

म्हापशाहून पणजीला बसने येताना पुलावर एकदम धडधड, घाम, हातापायांना मुंग्या. हृदयाचं काहीतरी झालं म्हणून ईसीजी होतो, तो नॉर्मल निघतो. (थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही एकदा बघून घ्यावंच.) मग माणूस पूल टाळायला लागतो, बेतीला उतरून फेरीबोट धरतो. पॅनिकचा (अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचा) आजार मुरतो तो इथेच.

थेरपिस्टचा पहिला प्रश्न असा: पुलावर नेमकं काय होईल असं वाटतं? मांडवीचा पूल १९८६ साली खरोखरच कोसळला होता, जुन्या माणसांच्या ते चांगलं लक्षात आहे. पण ‘पूल पडेल’ ही एक भीती आणि ‘पॅनिकचा झटका येईल, मधेच उतरता येणार नाही’ ही दुसरी. दोन्हींना एकच उपचार लावला की महिने फुकट जातात.

दुसऱ्या प्रकारात भीती पुलाची कमी, शरीराची जास्त. म्हणून सुरुवात थेरपिस्टच्या खोलीतच, तीच धडधड आणि चक्कर मुद्दाम आणून: मिनिटभर जोरजोरात श्वास, मिनिटभर खुर्चीत गरगर फिरणं, नाक दाबून बारीक स्ट्रॉने श्वास. हृदयरोग, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. आधी कागदावर लिहायचं: ‘चक्कर येऊन पडेन, शक्यता ८० टक्के.’ नंतर खरं काय झालं ते त्याखालीच.

मग बस. आधी सोबतीने, मग एकट्याने, मग संध्याकाळच्या गर्दीत उभ्याने. आठवड्यातून एकदा जाऊन भागत नाही, तीन-चार वेळा तरी हवं. भीती ओसरायची वाट बघायची नाही. भाकीत खोटं ठरलं की काम झालं.

घोटाळा होतो तो खिशातल्या अल्प्राझोलामने, म्हणजे भीती पटकन दाबणाऱ्या गोळीने. न घेताही ती पुरते, कारण मन म्हणतं, ‘गोळी होती म्हणून वाचलो.’ दाराजवळची सीट, पाण्याची बाटली, घड्याळावर नाडी बघणं, फोनवर बायकोला धरून ठेवणं, सगळे त्याच माळेचे मणी. अगदी शिकवलेला दीर्घ श्वासही! एकेक करून हे सोडवायचं. मात्र रोज गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरच हळूहळू कमी करतील. एसएसआरआय गटातल्या (नैराश्य आणि चिंतेवर रोज घ्यायच्या) गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना लागू पडायला काही आठवडे लागतात आणि त्या या सरावाच्या आड येत नाहीत.

उन्हाळ्यात जमलेलं जूनच्या पावसात, काचा धुरकटल्या की, पुन्हा बिघडू शकतं. म्हणून दोन-चार फेऱ्या मुद्दाम पावसात आणि अंधारात करून घ्याव्या.