दहा सेकंदांत आगळ

आमच्या पावसजवळच्या कोकम उद्योगात एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडायला येणाऱ्या बायका दिवसभर रेडिओ लावून ठेवतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत होतो. तरीही जाहिरात म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर महामार्गावरचा फलकच येत असे. गेल्या वर्षी मात्र गणपतीआधी, चाकरमान्यांसाठी घरोघरी सामान भरले जाते त्या दिवसांत, मी आकाशवाणीवरच्या नाट्यसंगीताच्या साप्ताहिक कार्यक्रमाचे प्रायोजकत्व सहा आठवड्यांसाठी घेतले.

ही कल्पना अर्थातच जुनी आहे. १९५२ साली आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जागा उरली नाही, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अमीन सयानी यांच्या आवाजातल्या कार्यक्रमाने बिनाका ही टूथपेस्ट घराघरांत पोहोचवली. पुढे टूथपेस्टचे नाव सिबाका झाले, तरी लोकांच्या तोंडी बिनाकाच राहिले. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १९६७ मध्ये.

माझा पहिला मसुदा आमसूल, अमृत कोकम, आंबापोळी, फणसपोळी असा सगळा माल मांडणारा होता आणि घड्याळ लावून वाचल्यावर तो ३४ सेकंदांचा भरला. रेडिओवर वेळेचा हिशेब दहा-दहा सेकंदांनी होतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, त्यामुळे एकेक पदार्थ गळत गेला. ‘पित्तावर रामबाण’ हे शब्दही कापले गेले, कारण मजकूर आधी मंजूर व्हावा लागतो आणि औषधी गुणांचा असा दावा तिथे चालत नाही. आज वाटते, बरेच झाले. शेवटी उरले ते उद्योगाचे नाव, गाव आणि सोलकढीचे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. पद संपून तंबोऱ्याचा सूर अजून कानात असताना एवढेच ऐकून घेण्याची श्रोत्याची तयारी असते, त्याहून अधिक बोलणारा प्रायोजक मलाही खटकला असता.

त्या दीड महिन्यात दुकानदारांची मागणी वाढली, पण त्यातली रेडिओमुळे किती आणि सणामुळे किती, हे मला वेगळे काढता आलेले नाही. चौथ्या आठवड्यात राजापूरकडच्या एका वयस्कर गृहस्थांनी कुठून तरी माझा नंबर मिळवून फोन केला आणि मागच्या खेपेचे दुसरे पद कोणी गायले होते, असे विचारले. केंद्रावर चौकशी करून मी त्यांना संध्याकाळी नाव कळवले. आगळाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मीही काढला नाही.