ग्लॉक १९चा चाप: सातव्या आठवड्यापर्यंतची नोंद

ट्रिगर, म्हणजे चाप, बदलायचं खूळ डोक्यात शिरलं ते टार्गेटच्या कागदामुळे. १५ यार्डांवरून ५० गोळ्या, आणि बहुतेक छेद खाली डावीकडे. उजव्या हाताच्या माणसाचं हे जुनंच दुखणं, मला माहीत होतं. तरी अंगण वाकडं ठरवलं आणि घरी येऊन नवा ट्रिगर शोधायला बसलो.

पिस्तूल ग्लॉक १९, जेन ५ (पाचवी पिढी). रोज कमरेला असतं. ह्यूस्टनमध्ये आल्यावर बरीच वर्षं हा छंद लांबूनच पाहिला, कारण एच-१बी व्हिसावर असताना फेडरल कायदा पिस्तूल बाळगू देत नाही (शिकारीच्या परवान्याची वाट आहे, पण त्यात कोण पडतो). ग्रीन कार्ड आलं आणि मग हे आलं. टेक्सासात सप्टेंबर २०२१पासून परवान्याशिवायही कॅरी, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगणं, चालतं. तरी मी एलटीसी (कॅरीचा परवाना) काढलं.

आठवडा १. काही विकत घ्यायच्या आधी मोजलं. पिस्तूल रिकामं, चेंबर दोनदा बघितलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. ओढीचं वजन मोजणाऱ्या डिजिटल गेजवर दहा वेळा चाप ओढला. सरासरी ५ पौंड १४ औंस, म्हणजे २ किलो ६६५ ग्रॅम. सगळ्यात हलका ५ पौंड ८ औंस, सगळ्यात जड ६ पौंड ५.

खरं तर मला वजनापेक्षा त्याची चाल खुपत होती. आधी मोकळी ओढ, मग वॉल (जिथे चाप अडतो आणि जोर लावावा लागतो), आणि ती वॉल एकदम तुटत नाही. ओल्या वाळूत खाट सरकवावी तशी सरकते. यात बिघाड काही नाही, रचनाच तशी. ग्लॉकचा स्ट्रायकर (काडतुसावर आदळणारी पिन) आधी अर्धवटच ताणलेला असतो, उरलेला ताण आपलं बोट देतं. शेवटी चापाला जोडलेल्या पट्टीची, ट्रिगर बारची, शेपटी कनेक्टर नावाच्या पत्र्याच्या उतारावरून खाली घसरते आणि स्ट्रायकर सुटतो. त्या पिनला अडवणारी आतली सेफ्टी वर ढकलायचं कामही तोच बार करतो. एवढी कामं एका बोटावर, तर थोडं खरखरणारच. रीसेट (चाप सोडताना तो पुन्हा तयार होतो ती जागा) मात्र फॅक्टरीचाच छान आहे, स्पष्ट टक्.

आठवडा ३. पहिलं किट. कंपनीचं नाव लिहीत नाही. सपाट ॲल्युमिनियमचा ट्रिगर आणि पाकिटात हलक्या स्प्रिंगा. ओळखीच्या आर्मररकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून) बसवून घेतलं. गेजवर ३ पौंड १० औंस! त्या रात्री ड्राय फायर करताना (रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढताना) मी लहानपणच्या टिकल्यांच्या बंदुकीइतका खूश होतो.

शनिवारी रेंजवर २०० गोळ्या. त्यातल्या चार फुटल्याच नाहीत. घरी टेबललॅम्पखाली न फुटलेलं काडतूस आणि फुटलेली पुंगळी शेजारी ठेवली. पुंगळीच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर) खोल खड्डा, काडतुसावर नखाने दाबल्याएवढी खूण. कारण, हलकी स्ट्रायकर स्प्रिंग. नेमबाजीच्या मॅचमध्ये अशा चार गेल्या तर गुण जातात. कमरेवरच्या पिस्तुलात एकही जाऊन चालत नाही. फॅक्टरीची स्प्रिंग परत घातल्यावर वजन ४ पौंडांच्या वर गेलं, म्हणजे जाहिरातीतला काही हलकेपणा त्या स्प्रिंगेचाच होता.

तरी ठेवलं असतं. पण ट्रिगरच्या मधली ती छोटी सेफ्टीची पट्टी पाचेक वेळा अर्धवट दाबलेलीच राहिली, बोट काढल्यावर बाहेर आली नाही. ग्लॉकला वेगळं बटण नाही, बाहेरून दिसणारी सेफ्टी ती एवढीच. किट त्याच दिवशी परत पाठवलं.

आठवडा ५. ग्लॉकचाच परफॉर्मन्स ट्रिगर. हाही सपाट, जेन ५च्या ९ मिमी पिस्तुलांना बसणारा. माझ्या गेजवर सरासरी ४ पौंड ६ औंस, दहा ओढींत फरक जेमतेम ३ औंसांचा. वॉल कोरडी, तुटते तेव्हा कळतं. ५०० गोळ्या झाल्या, एकही अडकली नाही. होल्स्टर (कमरेवरचं म्यान) मात्र रिकाम्या पिस्तुलाने पुन्हा तपासा. ट्रिगरचा आकार बदलला की आतली जागाही बदलते.

यापेक्षा हलका नको, हे माझ्यापुरतं ठरलं आहे. मागच्या थंडीत पिस्तूल होल्स्टरमध्ये घालताना जॅकेटच्या नाडीचं टोक ट्रिगर गार्डच्या तोंडाशी आलं होतं. नजर तिकडे होती म्हणून दिसलं. ती नाडी त्याच संध्याकाळी कापली. त्या क्षणी चाप जवळजवळ पावणेतीन किलोचा होता याचं मला अजून बरं वाटतं.

आठवडा ७. नवा ट्रिगर, तेच १५ यार्ड, ५० गोळ्या. छेदांचा गट थोडा आवळला आहे. जागा? खाली डावीकडे.

मग नागपूरच्या मित्राला मॅगझिन भरायला दिलं, मधेमधे डमी (न फुटणारी) काडतुसं मिसळून. चौथ्याला नुसता क्लिक झाला आणि नळी ठसठशीत खाली गेली. तो मागून हसत म्हणाला, "ट्रिगर बदलून काय होते बे, तू तर गोळी नसतानाच दचकून राहिला!"

आता रोज रात्री दहा मिनिटं, फ्रंट साइटवर (नळीच्या पुढच्या नेमखुणेवर) क्वार्टरचं नाणं ठेवून ड्राय फायर. काल वीसपैकी तेरा वेळा नाणं टिकलं. फॅक्टरीचा ट्रिगर औषधाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवला आहे. आकडा अठरावर गेला की तो परत बसवून घेणार आणि त्याच्यावरही ५० गोळ्या मारणार. दोन्ही कागद इथे एकत्र दाखवतो.