किट लावू की नवीच घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

घरात एक सायकल पडून आहे, तशी बरी आहे, तिला मोटरचं किट लावू की सरळ नवी इलेक्ट्रिक सायकल घेऊ? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून मोकळा. मी काही या धंद्यात नाहीये. हौस आहे म्हणून मित्रांच्या, पाहुण्यांच्या सायकलींना किट बसवून देतो, बिघडली की उघडून बघतो, त्यामुळे कुणाचं काय विकलं जावं याच्याशी मला काही देणंघेणं नाही.

गंमत अशी की विचारणारे जवळपास सगळे मोटरपासून सुरुवात करतात. २५० वॅट पुरेल का, ३५० घेऊ का, अमक्याने हजार वॅटची लावलीय म्हणे. मी उलटं विचारतो की सायकलचे ब्रेक कसे आहेत, तर समोरचा गप्प. खरं सांगू का, या सगळ्या भानगडीत मोटर ही सगळ्यात कमी डोक्याला ताप देणारी वस्तू आहे. आधी सायकल बघायची, मग बॅटरी बघायची, मोटर त्यानंतर.

तरी वॅटचं आधी उरकून टाकू, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहील. समजा तुम्ही, सायकल आणि बॅटरी मिळून १०० किलो वजन आहे आणि ५ टक्क्यांचा चढ आहे, म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की ५ मीटर वर. हा चढ ताशी १५ किमीने चढायला निव्वळ वर जाण्यासाठी साधारण २०० वॅट लागतात. सवय नसलेला माणूस न दमता बराच वेळ देऊ शकतो ते शंभराच्या आसपास, म्हणजे २५० ची मोटर अधिक तुमचे पाय, झालं की काम. शिवाय मोटरवर लिहिलेला आकडा सतत चालवता येईल तो असतो, थोड्या वेळापुरती ती त्याहून जास्त ओढते. सपाटीवर वेगळाच हिशोब लागतो, तिथे वारा आडवा येतो, आणि वेग दुप्पट करायचा तर वाऱ्याशी लढायला आठपट ताकद लागते. ताशी ४० ने जायच्या हौसेत बॅटरी कुठे गेली ते कळत नाही ते याचमुळे.

आणि मोटर ही काही नवी गोष्ट नाहीये बरं का. चाकाच्या मधोमध मोटर बसवलेल्या सायकलचं पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन ज्युनियर नावाच्या माणसाला ३१ डिसेंबर १८९५ ला मिळालेलं आहे. अडलं होतं ते बॅटरीपाशी. पेडल मारलं की मोटरने हात द्यायचा ही आजची पद्धत यामाहाने १९९३ मध्ये जपानमध्ये विकायला आणली, पण खरा बाजार उघडला तो लिथियम बॅटरी हलक्या आणि परवडण्यासारख्या झाल्यावर. २०२३ मध्ये तर जर्मनीत पहिल्यांदा साध्या सायकलींपेक्षा इलेक्ट्रिक जास्त विकल्या गेल्या, २१ लाखांच्या आसपास. एवढी मागणी आली की तिच्या मागोमाग किटवाले येणारच, कारण जगात साध्या सायकली पडून आहेत ढिगाने, आणि आता हालत अशी आहे की चांगलं किट आणि भंगार किट फोटोत अगदी सारखंच दिसतं.

आता सायकलीकडे येतो. किट म्हणजे ढोबळमानाने दोन प्रकार. हब मोटर, जी चाकासकट येते, तुम्ही पुढचं किंवा मागचं चाक काढून हे लावायचं. आणि मिड ड्राइव्ह, जी पेडलच्या आसाच्या जागी बसते आणि चेन ओढते. हब मोटर बसवायला सोपी आहे, त्यामुळे बहुतेक जण तिकडेच वळतात, आणि त्यातही पुढच्या चाकाची सगळ्यात सोपी, कारण गिअर-चेनला हात लावायला नको. इथेच माझा विरोध सुरू होतो. हब मोटर चाक पुढे फिरवते तेव्हा तिचा मधला आस तेवढ्याच जोराने उलटा फिरायला बघतो, आणि त्याला धरून ठेवतात फक्त पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (फोर्कच्या) टोकाच्या त्या दोन खाचा. साध्या सायकलच्या खाचा चाकाचं वजन पेलायला केलेल्या असतात, पीळ झेलायला नाही. स्टीलचा चिमटा असेल तर थोडं वाकून तरी सांगतो, ॲल्युमिनियमचा सरळ तुटतो, आणि कार्बनचा असेल तर कृपा करून पुढच्या चाकाचा विचारच सोडा. आस खाचेतून निसटला तर चाक बाहेर, वायर पिळून तुटलेली, आणि तुम्ही रस्त्यावर तोंडावर.

त्यासाठी टॉर्क आर्म नावाची एक पोलादी पट्टी मिळते, एका टोकाला आसाच्या चपट्या बाजूंवर घट्ट बसणारं भोक आणि दुसरं टोक क्लॅम्पने फ्रेमला किंवा चिमट्याला आवळायचं. हातभर पण नसते ती. स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा ती दिलेलीच नसते, किंवा पातळ पत्र्याचा तुकडा टाकलेला असतो जो नुसता दाखवायला. मी बसवताना पट्टी आसावर घालून हाताने हलवून बघतो, जरा जरी खुळखुळली तरी बाजूला ठेवतो, कारण तेवढ्या फटीत आस रोज मागेपुढे हलत राहतो आणि नट आपोआप सैल होतो. नटखाली खाचेत बसणारं वॉशर असतं, ते उलटं लागलेलं मी दुकानातून बसवून आणलेल्या सायकलींवरही बघितलंय. पहिले थोडे दिवस चालवून झाले की पाना घेऊन नट परत आवळायचेच, हे माझ्याकडून सायकल नेणाऱ्या प्रत्येकाला मी बजावतो आणि बहुतेक जण विसरतात.

मिड ड्राइव्हचं वेगळं. बाफांग या चिनी कंपनीच्या बीबीएस मालिकेतल्या मोटरी हौशी लोकांत फार चालतात, आणि त्याला कारण आहे, मोटरची ताकद तुमच्या गिअरमधून जाते, त्यामुळे चढावर हलका गिअर टाकला की ती आरामात चढते, हब मोटर तिथे कण्हायला लागते. पण ती सगळी ताकद बिचाऱ्या चेनवर येते, चेन आणि मागचे दाते लवकर झिजतात, मोटर ओढत असताना गिअर बदलला तर कडकन आवाज येतो, तो ऐकवत नाही. शिवाय पेडलच्या आसाचं जे खोकं फ्रेममध्ये असतं त्याची रुंदी जुळायला लागते, ६८ किंवा ७३ मिमी असेल तर बहुतेक जमतं, काहीतरी वेगळ्याच मापाचं असेल तर आधी माप घ्या, मग ऑर्डर करा. रोजचा रस्ता चढाचा असेल आणि हातात पाना धरायची सवय असेल तर मिड ड्राइव्ह, नाहीतर मागच्या चाकाची गिअरवाली (म्हणजे मोटरच्या आतच दाते असलेली) हब मोटर, माझं तरी हेच मत आहे.

आणि ब्रेक. साध्या सायकलवर तुम्ही कधीमधी २५ चा वेग गाठता, मोटर लावल्यावर तोच तुमचा नेहमीचा वेग होतो, वर आणखी काही किलो वजन. रबर झिजलेले, केबल गंजलेली, अशा सायकलला किट लावायला कुणी आलं तर मी आधी ब्रेक करून आण म्हणतो. किटबरोबर येणारे ब्रेकचे दांडे, ज्यात बारीक स्विच असतो आणि ब्रेक दाबला की मोटर बंद होते, ते बरेच जण वायर कमी म्हणून लावतच नाहीत. असं करू नका हो. किटबरोबर पेडलपाशी जो साधा चुंबकाचा सेन्सर येतो त्याला फक्त पेडल फिरतंय एवढंच कळतं, किती जोर लावलाय ते नाही, त्यामुळे पाय थांबल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते.

आता बॅटरी, आणि इथे जरा थांबून वाचा, कारण पैसेही इथेच जातात आणि आगही इथेच लागते. ४८ व्होल्टचा पॅक म्हणजे आत एकामागे एक जोडलेले १३ सेलचे टप्पे, प्रत्येक टप्प्यात शेजारी शेजारी दोन, तीन, चार सेल. बोटाएवढे सेल असतात, १८ मिमी जाड, ६५ मिमी उंच, म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणून ४८ चा पॅक भरल्यावर ५४.६ दाखवतो आणि चार्जरही बरोबर तेवढ्याचाच लागतो. मध्ये एक सर्किटची पाटी असते, बीएमएस, ती प्रत्येक टप्प्यावर लक्ष ठेवते, कुठला जास्त भरतोय, कुठला अगदी तळाला गेलाय, आणि गरज पडली की तोडते.

एका पाहुण्यांनी कुठूनतरी अगदी स्वस्तात आणलेला पॅक माझ्याकडे आला होता, चार्ज होतो पण चालत नाही म्हणून. वरचं निळं प्लास्टिक कापलं तर आत सेलवर वेगवेगळ्या रंगांची आवरणं, काहींच्या टोकांवर आधीच्या वेल्डिंगचे चट्टे, म्हणजे जुन्या कुठल्यातरी पॅकमधून उपटून काढलेले. निकेलच्या पट्ट्या वाकड्यातिकड्या, दोन टप्प्यांच्या मध्ये कागदाची साधी चकतीसुद्धा नाही, आणि टप्प्यांवर लक्ष ठेवणाऱ्या बारीक वायरींपैकी एक आतच तुटून लोंबत होती. बाहेर मात्र झकास स्टिकर आणि भला मोठा अँपिअरचा आकडा. तो पॅक मी दुरुस्त केला नाही, परतही दिला नाही, सरळ बॅटरीच्या कचऱ्यात द्यायला लावला, आणि पाहुणे थोडे नाराज झाले ते झालेच.

मी उगाच घाबरवत नाहीये. न्यूयॉर्कमध्ये २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटरीच्या २६८ आगी लागल्या आणि १८ माणसं गेली, अग्निशमन दलाचे आकडे आहेत. त्याच वर्षी तिथे कायदा आला की प्रमाणित नसलेली ई-सायकल किंवा बॅटरी विकायचीच नाही, पूर्ण सायकलसाठी यूएल २८४९ आणि नुसत्या बॅटरीसाठी यूएल २२७१, ही अमेरिकेतली सुरक्षेची मानकं. हे आकडे लक्षात ठेवा, तुम्ही कुठेही राहत असलात तरी किट घेताना बॅटरीवर यातलं काही आहे का किंवा युरोपचं ईएन ५०६०४ आहे का एवढं विचारता येतं, आणि दुकानदार कसा उत्तर देतो त्यावरून बरंच कळतं. बाकी दारातल्या जिन्यात चार्जिंगला लावून झोपायचं नाही, दुसऱ्याच कुठल्या चार्जरने भरायची नाही, पडलेली किंवा फुगलेली बॅटरी वापरायची नाही, कडाक्याच्या थंडीत शून्याखाली असताना चार्ज करायची नाही.

किती किलोमीटर जाईल, हा पुढचा प्रश्न असतोच. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, वॅट-अवर येतात. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर म्हणजे ३६०. पेडल मारत चालवलीत तर किलोमीटरला साधारण १० ते १५ लागतात, म्हणजे २५ ते ३५ किमी धरून चला. नुसतं थ्रॉटल पिळत बसलात तर त्याहून बरंच कमी. खोक्यावर ६० लिहिलेलं असतं ते हलका माणूस, सपाट रस्ता, सगळ्यात कमी मदत आणि पाठीमागून वारा, अशा पुण्यवंताचं असतं.

मग नवीच का नको? घ्या ना, मी कुठे नाही म्हणतोय. नव्या सायकलची फ्रेम मोटर धरूनच केलेली असते, ब्रेक त्या वजनाचे असतात, आणि चांगल्या सायकलींत टॉर्क सेन्सर असतो, जो पायाचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत देतो, त्यामुळे आपलेच पाय अचानक तरुण झाल्यासारखं वाटतं, ते साध्या किटला जमत नाही. खटकतं ते एवढंच की बऱ्याच सायकलींत मोटर, बॅटरी, डिस्प्ले सगळं एकमेकांना सॉफ्टवेअरने बांधलेलं असतं, एक गेलं की त्याच कंपनीचं आणा. व्हॅनमूफ या डच कंपनीचं दिवाळं जुलै २०२३ मध्ये निघालं तेव्हा लोकांची पळापळ झाली, कारण सायकलचं कुलूप ॲपवर आणि ॲप कंपनीच्या सर्व्हरवर. शेवटी काउबॉय या स्पर्धक कंपनीनेच त्या लोकांना आपापली डिजिटल किल्ली उतरवून ठेवायला ॲप काढून दिलं. पुढे व्हॅनमूफ दुसऱ्यांनी विकत घेतली, पण तोपर्यंत लोकांचा जीव टांगणीलाच. साध्या किटचा कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणारी डबी, उडाला तर दुसऱ्या कुणाचा तरी लावता येतो, कनेक्टर जुळवायला थोडी खटपट, बस.

कायद्याचं थोडक्यात. युरोपात पेडल असिस्ट, २५० वॅट आणि ताशी २५ किमीवर मोटर बंद, तरच ती सायकल. भारतातही २५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या आतलं असेल तर मोटार वाहनाचे नियम लागत नाहीत. अमेरिकेत विक्रीचा केंद्रीय नियम ७५० वॅट आणि ताशी २० मैलांचा आहे, चालवण्याचे नियम राज्याराज्यात वेगळे. त्यामुळे ते हजार वॅटचं किट बहुतेक ठिकाणी कागदावर सायकल राहतच नाही, आणि अपघात झाला की विमेवाला पहिली मोटरवरची पाटीच वाचणार.

तर सायकल स्टीलची किंवा दणकट ॲल्युमिनियमची, ब्रेक चांगले, तुम्हाला ती मनापासून आवडते आणि पंक्चर तरी स्वतः काढता येतं, तर किट लावा आणि जे पैसे वाचतील ते बॅटरीत घाला. कार्बनची, गंजलेली, किंवा मुळात स्वस्तातली डुगडुगती सायकल असेल, किंवा पान्याला हात लावायचाच नसेल, तर नवी घ्या, ज्याच्याकडे दुरुस्ती होते अशा दुकानातून. आणि आता मला विचारणारच असाल तर आधी मागच्या चाकाच्या खाचेचा जवळून एक फोटो, दोन्ही ब्रेकचे फोटो, दोन्ही खाचांमधली रुंदी मिमीमध्ये मोजून, तुमचं वजन आणि रोजच्या रस्त्यात चढ किती हे पाठवा. वजन खरं सांगा.