वरचे ऐंशी रुपये

सांगलीतल्या एका मिक्सर-पंख्यांच्या दुकानाचे हिशेब मी लिहिते. त्या दुपारी साठी उलटलेल्या एक आजी आल्या आणि दोन कागद काउंटरवर ठेवले. बिल ४,००० रुपयांचं, मशीनची स्लिप ४,०८० ची.

"वरचे ऐंशी कसले?" त्यांनी शांतपणे विचारलं.

दुकानाच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: कार्डावर २ टक्के जादा. "आजी, बँक आमच्याकडून कापते. मिक्सरमागं मला अडीचशेसुद्धा सुटत नाहीत."

काका खोटं बोलत नव्हते. पण आजींच्या हातात रुपे डेबिट कार्ड होतं. मी लॅपटॉपवर बँकेचं स्टेटमेंट उघडलं आणि आजींची ओळ शोधली. रक्कम ४,०८०, कपात शून्य, जमा ४,०८०. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे कार्डाच्या व्यवहारावर बँक कापते ती फी, लागतच नाही. इतर कंपन्यांच्या डेबिट कार्डांवर तो लागतो, पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यापुढे ०.९० टक्के. हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१८ पासूनचा आहे, आणि डेबिट कार्डाची ही कपात गिऱ्हाइकाकडून वसूल करायची नाही, हेही त्यातच आहे.

काका स्क्रीनकडे बघत राहिले. "मला हे कुणी सांगितलंच नाही गं."

यावर माझा विश्वास आहे. मशीन बसवायला आलेल्या मुलानं "दोन टक्के धरा" एवढंच सांगितलं होतं. रोज खात्यात एकरकमी आकडा पडतो, कुठल्या कार्डाचे किती कापले हे बघायला वेगळी फाईल उतरवून घ्यावी लागते. ती कोण उतरवणार?

त्याच फाईलीत एक क्रेडिट कार्डाची ओळ होती. माल ६,५०० चा, जादा धरून घेतले ६,६३०. त्यावर २ टक्के म्हणजे १३२.६० आणि वर १८ टक्के जीएसटी २३.८७. काका कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत, त्यामुळे तो जीएसटी परत मिळत नाही. हातात आले ६,४७३.५३. जादा घेऊनही सव्वीस रुपये घरातलेच गेले. क्रेडिट कार्डावरच्या या कपातीला वरची मर्यादाच नाही. मोठी दुकानं बँकेशी घासाघीस करून दर उतरवून घेतात, काकांचं कोण ऐकणार? मला याचा खरंच राग येतो. पण त्याची भरपाई पेन्शनवर जगणाऱ्या आजींनी का करायची?

काकांनी गल्ल्यातून ऐंशी रुपये काढून आजींना दिले. मग स्टुलावर चढून पाटी उतरवली. क्रेडिट कार्डाचं काय करायचं ते त्या दिवशी काही ठरलं नाही.

संध्याकाळी त्यांनी मला वर्षभराच्या डेबिटच्या ओळी वेगळ्या काढायला लावल्या. स्लिपांवरची शाई पार उडाली होती, म्हणून तारीख आणि रक्कम बघून एकेक ओळ बिलबुकाशी जुळवत बसलो. तेवीस निघाल्या. त्यातल्या अकरा जणांचे नंबर बिलावर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा अर्धं शटर वर करून काका आत फोनवर बोलत होते, "तुमचे पासष्ट रुपये आमच्याकडं आहेत, येऊन घेऊन जा."