आइसलँड आणि होक्काइडो: अक्षवृत्तावर न ठरणारी थंडी

नकाशा पाहणाऱ्याला आइसलँडच अधिक थंड वाटणार आणि तसे वाटणे स्वाभाविकही आहे. आइसलँडची राजधानी रेक्याविक ६४ अंश उत्तर अक्षवृत्तावर, आर्क्टिक वृत्ताच्या जवळ वसलेली आहे, तर जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावरचे सप्पोरो शहर ४३ अंशांवर, म्हणजे जवळजवळ फ्रान्समधल्या मार्सेच्या रांगेत आहे. प्रत्यक्षात जानेवारीचे सरासरी तापमान रेक्याविकला शून्याच्या आसपास असते आणि सप्पोरोला उणे ३ अंशांच्या. होक्काइडोच्या अंतर्भागातल्या असाहिकावा येथे २५ जानेवारी १९०२ रोजी उणे ४१ अंशांची नोंद झाली; आइसलँडचा नीचांक त्याहून वरच आहे. हिवाळ्यापुरते बोलायचे तर दक्षिणेकडचे बेटच अधिक कडक आहे आणि याचे कारण वारा कुठून येतो यात आहे.

आइसलँडच्या दक्षिण व पश्चिम किनाऱ्यांना अटलांटिकमधील इर्मिंगर प्रवाह कोमट पाणी आणून देतो आणि बेटाजवळ ठाण मांडून बसणारे कमी दाबाचे क्षेत्र दक्षिणेकडची दमट हवा वरचेवर ओढून घेते. त्यामुळे रेक्याविकला ऐन हिवाळ्यात एकाच दिवशी पाऊस, बर्फ आणि पुन्हा पाऊस असा क्रम सहज अनुभवायला मिळतो. होक्काइडोच्या पश्चिमेला मात्र, मधला समुद्र सोडला तर, थेट आशिया खंड आहे. हिवाळ्यात सैबेरियावर उच्च दाबाचे प्रचंड केंद्र तयार होते आणि तिथली बोचरी, कोरडी हवा जपानकडे वाहू लागते.

ही हवा जपानच्या समुद्रावरून येताना त्सुशिमा या उष्ण प्रवाहाने ऊबदार ठेवलेल्या पाण्यातून बाष्प उचलते, ढगांच्या लांबच लांब ओळी तयार होतात आणि डोंगर आडवे येताच ते सारे ओझे बर्फाच्या रूपाने खाली उतरते. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस आणि माणदेशातले कोरडे रान यांमागचे गणित आपण शाळेत शिकलो. तेच गणित इथे बर्फात मांडलेले आहे. सप्पोरोत एका हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फाची बेरीज सुमारे ५ मीटर भरते, तर डोंगरांपलीकडच्या ओबिहिरोला थंडी अधिक असूनही आकाश बहुधा निरभ्र असते. सुमारे वीस लाख वस्तीच्या शहराने दर वर्षी एवढा बर्फ पेलावा, याचे मला मनापासून कौतुक वाटते. होक्काइडोतल्या रस्त्यांच्या कडेला उंच खांबांवर, खाली टोक केलेले लाल-पांढरे बाण लावलेले असतात. रस्ता बर्फाखाली गडप झाला की त्याची कड नेमकी कुठे आहे, हे वाहनचालकाला त्या बाणांवरूनच कळते.

बेटाच्या ईशान्येकडील ओखोत्स्क समुद्राची तऱ्हा आणखी वेगळी आहे. आमूर नदीच्या गोड्या पाण्यामुळे तिथला वरचा थर कमी खारट राहतो, खालच्या खाऱ्या पाण्यात फारसा मिसळत नाही आणि म्हणून लवकर गोठतो. तो बर्फ वाऱ्याबरोबर वाहत जानेवारीच्या अखेरीस आबाशिरीच्या किनाऱ्याला लागतो. रेक्याविकचे बंदर मात्र हिवाळाभर खुले असते.

उन्हाळ्यात सारे चित्र पालटते. त्याच ओखोत्स्क किनाऱ्यावरच्या सारोमा येथे २६ मे २०१९ रोजी पारा ३९.५ अंशांवर गेला होता. आइसलँडचा १९३९ सालचा उच्चांक ३०.५ अंश आहे. सप्पोरोची ऑगस्टमधील सरासरी सुमारे २२ अंश, तर रेक्याविकची जुलैतली जेमतेम १२. मला या तुलनेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच फरक. होक्काइडोत भात पिकतो आणि बहुतेक बेट जंगलाने झाकलेले आहे. आइसलँडमध्ये बर्फ वितळवण्याइतकी ऊब उंच भागांत मिळतच नाही, त्यामुळे देशाचा सुमारे दहावा हिस्सा हिमनद्यांखाली आहे. (तिथे झाडे विरळ असण्यात माणसे तिथे पहिल्यांदा वस्तीला आली तेव्हापासूनची तोड आणि मेंढ्यांची चराई यांचाही मोठा वाटा आहे, हे विसरता कामा नये.)

अक्षवृत्ताचा हिशेब उजेडाच्या बाबतीत मात्र चुकत नाही: डिसेंबरअखेर रेक्याविकला दिवस जेमतेम चार तासांचा, सप्पोरोला नऊ तासांचा. हिवाळ्यात आइसलँडला जाणाऱ्यांनी जाड लोकरीपेक्षा वारा आणि पाऊस अडवणाऱ्या जाकिटाची चिंता आधी करावी. होक्काइडोच्या अंतर्भागात जाणाऱ्यांनी खऱ्या कडाक्याची तयारी ठेवावी.